एका खिळ्यावरची चार कॅलेंडरं

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. आमच्या लातूरच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक खिळा आहे, त्याच्याकडे नजर गेली की सगळं जसंच्या तसं डोळ्यांसमोर येतं. उभी नोकरी पोलीस खात्यात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड झेलले. पण कुणी म्हटलं, "साहेब, तुमची एखादी केस सांगा," तर मी यातली एकही सांगत नाही. ही सांगतो. ऐकताना पुरुष मंडळी जरा चुळबुळतात. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही, कारण तेव्हा मीही तसाच चुळबुळलो होतो.

मी त्या वेळी नांदेड शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली होती, कैदी कोर्टात पाठवण्याची गडबड चालू होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली, इस्त्रीची सुती साडी, हातात प्लास्टिकची फाइल. देगलूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचा अंमलदार तिची नजर टाळत सांगत होता, "ताई, हे आपल्याकडं येत न्हाई. ग्राहक मंचात जावा."

"दादा, हे तुम्ही मला तिसऱ्यांदा सांगून राहिलात," बाई म्हणाल्या. "दर वेळी किरकोळ रजा टाकून मी इथवर येते. एकदा तरी कागद वाचा की."

शिक्षकाचा आवाज कानावर पडला की माझी पाठ अजून ताठ होते. मी त्यांना आत बोलावलं, आमच्या महिला हवालदारांनाही बसवून घेतलं. आधी बाईंनी हवालदारांकडे बघून बोलायला सुरुवात केली. दोन मिनिटांनी थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तपास तुम्ही करणार ना? मग तुमच्याकडंच बघून सांगते. पण तुम्ही बी टेबलाकडं बघू नका."

मी खरोखरच टेबलाच्या काचेखालचे फोन नंबर वाचत होतो. मान वर केली.

बाईंना चार वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. स्तन काढावा लागला, नंतर किरणांचे उपचार झाले, जीव वाचला. घरची माणसं म्हणाली, झालं, सुटलो. पण बाई सुटल्या नव्हत्या. "ब्लाऊजमध्ये कापसाची घडी ठेवायची मी. फळ्यावर वर हात करून लिहायचं आणि वळायचं, तोवर घडी सरकलेली असायची. पोरी खाली बघायच्या. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं, साहेब. मला लाज वाटू नये म्हणून त्या खाली बघायच्या."

मग वर्षभरानं त्यांनी नांदेडमधल्या एका कॉस्मेटिक सेंटरची जाहिरात पाहिली. तिथं जाऊन त्यांनी इम्प्लांट बसवून घेतलं. इम्प्लांट म्हणजे स्तनाच्या जागी कातडीखाली बसवायची सिलिकॉनची पिशवी. दीड वर्षात ती जागा दगडासारखी घट्ट झाली, दुखू लागली. आता तिसऱ्या वर्षी ती बाजू अचानक सुजली होती, आत पाणी झालं होतं. लातूरला एक प्लास्टिक सर्जन बाई आहेत, त्यांच्याकडे त्या गेल्या. त्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला: आत कुठलं इम्प्लांट आहे? कार्ड दाखवा. कार्ड बाईंना कधी मिळालंच नव्हतं. सेंटरचा मालक म्हणत होता, आम्ही दिलं, तुम्ही हरवलं.

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी ऑपरेशन हाय. तोवर आत काय हाय ते कळलं तर मॅडमला ठरवता येईल किती कापायचं. मला कुणाला आत टाकायचं न्हाई, साहेब. मला माझं कार्ड पाहिजे. माझ्याच अंगात काय हाय ते मला ठावं न्हाई, हे कसं चालेल?"

मला त्या क्षणी एवढंच समजलं की चोरीच्या मोटारसायकलचा चेसिस नंबर शोधायचा तसा हा नंबर शोधायचा आहे. तेवढं समजणं पुरेसं होतं. तक्रार लिहून घ्यायला मी स्वतः बसलो. अंमलदाराला शेजारी बसवलं आणि 'स्तन' हा शब्द त्याच्याकडून चार वेळा लिहून घेतला. पहिल्यांदा त्याचं पेन अडखळलं, चौथ्यांदा सरळ चाललं.

डॉक्टरवर हयगयीचा गुन्हा पोलिसाला थेट दाखल करता येत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या तज्ज्ञ समितीचा अभिप्राय मागवावा लागतो. ते पत्र मी त्याच दिवशी पाठवलं आणि सेंटरला नोटीस काढली की या पेशंटची कागदपत्रं तीन दिवसांत हजर करा. इथं मी चुकलो, ते कबूल करतो. नियमाप्रमाणे वागलो, पण चोराला आधी निरोप धाडून मग त्याच्या घरी गेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी सेंटरसमोरच्या चहावाल्याचा फोन आला. हा माणूस पूर्वी एका मारामारीत फिर्यादी होता, तेव्हापासून आमची ओळख. तो म्हणाला, "साहेब, सेंटरच्या मागं ड्रमात कायतरी जाळून राहिलेत. मोठमोठी रजिस्टरं हायत. माझ्या चहात राख पडून राहिली."

आम्ही पंधरा मिनिटांत पोचलो. ड्रममध्ये राख होती आणि दोन पुठ्ठे अर्धे जळलेले. मालक घामाघूम होऊन उभा. "पावसात भिजून बुरशी लागली होती साहेब, जुना कचरा होता." बुरशी लागलेला कचरा बरोबर नोटीस मिळाल्यावर जाळायची आठवण झाली, म्हणून फसवणूक आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल करून मी झडती सुरू केली. दोन पंच घेतले. कपाटं, टेबलाचे खण, संगणक, औषधांचा फ्रिज, सगळं उलथंपालथं केलं. त्या वर्षाचा एक कागद सापडला नाही.

उपकरणं उकळायच्या छोट्या खोलीतही गेलो. दारासमोरच भिंतीवर तिरुपती बालाजीचं मोठं कॅलेंडर होतं, धर्माबादच्या कुठल्याशा मिरचीच्या आडतीचं. पंचांनी चपला दाराबाहेर काढल्या, हात जोडले. मीही टोपी काढून हात जोडले. मग आम्ही खोली तपासली, काही मिळालं नाही आणि सेंटरला सील ठोकून निघालो. पंचनाम्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सदर खोलीत उपयुक्त काही मिळून आले नाही.' हे वाक्य मला पुढं फार महागात पडणार होतं, म्हणून ध्यानात ठेवा.

सोमवार आठ दिवसांवर आला. मी लातूरला डॉक्टरीणबाईंचा जबाब घ्यायला गेलो. साठीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, बोलायला एकदम फटकळ. मी जबाबाचे कागद काढले, त्यांनी कपाटातून पाच-सहा नमुने काढून माझ्यासमोर टेबलावर मांडले. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"हात लावा साहेब. पिस्तूल हाताळता, याला काय झालं?"

हात लावला. एक गोल होता, एक पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता आणि खाली भरलेला. एकाच्या आत मिठाचं पाणी, बाकींत घट्टसर जेल. एकाचं आवरण काचेसारखं गुळगुळीत, दुसऱ्याचं पेरूच्या पानाच्या पाठीसारखं खरबरीत. मी खरबरीत नमुन्यावर बोट फिरवत असताना त्या म्हणाल्या, "याच्यापैकी काही जातींमुळे फार क्वचित, काही वर्षांनी, भोवतीच्या आवरणात एक वेगळाच कॅन्सर होतो. सूज येते, पाणी होतं. बाईंच्या पाण्याची तपासणी मी पाठवली आहेच. पण आत या जातीचं असेल तर नुसती पिशवी काढून भागत नाही, भोवतीचं आवरण अख्खं काढावं लागतं. त्या जागी आधीच किरणं दिलेली आहेत, उगाच जास्त कापलं तर जखम भरत नाही. म्हणून मला नंबर पाहिजे."

"मग मॅडम, यातलं चांगलं कुठलं?" मी विचारलं. जबाबाला त्याची गरज नव्हती, पण प्रश्न तोंडातून गेला.

"हाच प्रश्न चुकीचा आहे. चपलेच्या दुकानात जाऊन 'चांगली कुठली' विचारता की पाय पुढे करता? छातीची रुंदी मोजायची, कातडी किती जाड आहे ते चिमटीत धरून बघायचं, किरणं झालीत का विचारायचं, बाई काय काम करते ते विचारायचं. बारीक अंगाच्या बाईला मोठं बसवलं तर नाकापेक्षा मोती जड. आणि कुठलंच जन्मभर टिकत नाही, कधीतरी बदलावं लागू शकतं, हेही आधी सांगायचं. तुमच्या या शिक्षिकाबाईंची किरणं झालेली. अशा कातडीखाली नुसतं इम्प्लांट घट्ट होण्याची शक्यता जास्त. त्यांच्या बाबतीत पोटाचं किंवा पाठीचं स्वतःचं मांस वापरणं बरं होतं. त्या सेंटरवाल्यानं विचारलंच नाही."

उठताना मी सहज विचारलं की कार्ड कुठून येतं. त्यांनी एक रिकामा खोका दाखवला. आत सारख्याच नंबरची चार-पाच छोटी स्टिकरं होती. एक कार्डावर, एक केसपेपरवर, एक रजिस्टरात. "आणि उरलेली?" त्या म्हणाल्या, "ते डॉक्टरला माहीत नसतं. ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टरला विचारा."

त्याआधी मालकाची चौकशी झाली होती. त्याला पदवी होती, पण ती या कामाची नव्हती. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. खरं बोलणारा अडखळतो, 'थांबा, मंगळवार नव्हता, बुधवार होता' असं म्हणतो. हा गृहस्थ एकदाही अडखळला नाही. सगळं उच्च प्रतीचं होतं, प्रत्येकीला कार्ड दिलं, रजिस्टर भिजलं. वकिलानं पढवलेला पोपट होता तो. त्याला आणखी घोळवत बसण्यात वेळ गेला असता.

सेंटरची सिस्टर धर्माबादकडची, नांदेडला एका खोलीत भाड्यानं राहायची. महिला साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो, म्हणून मी आणि आमच्या महिला हवालदार साध्या वेशात तिच्याकडे गेलो. तिनं आधी पाणी दिलं आणि मग भिंतीला टेकून उभीच राहिली. घाबरली की ती तेलुगूत शिरायची.

"नाकु तेलीदु साब, मला कायच ठावं न्हाई. मी नुसती सामान उकळून देते."

हवालदारांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. देगलूरच्या मास्तरीणबाई आठवतात का, विचारलं. सिस्टरनं मान हलवली. "आठवतेत की. लई भेलेल्या. टेबलावर माझा हात धरलेला."

"कधीची गोष्ट?"

"आषाढातली एकादशी हुती. दुपारी मालकानं सगळ्यांना समोसे आणले, माझा उपास, मी खाल्ले न्हाई."

माझं पेन थांबलं. "तीन वर्षांपूर्वीचा उपास तुला आठवतो?"

"आठवत न्हाई साब. लिवलेलं हाय. उपास, सुट्टी, कुठल्या दिवशी कुणाचं आपरेशन, समदं क्यालेंडरावर लिवते मी. सील लागायच्या आधी सामान पुसताना बघितलं."

"कुठल्या कॅलेंडरावर?"

"सेंटरमधल्या. बालाजीच्या."

मी आणि हवालदारांनी एकमेकांकडे पाहिलं. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "ते तर या वर्षाचं आहे. तीन वर्षांपूर्वीचं कुठं गेलं?"

सिस्टरला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "तिथंच हाय की, खाली. त्याच खिळ्याला. देवाचा फोटू कचऱ्यात कसा टाकणार साब? बासरला जाऊन गोदावरीत सोडायचे. पण मालक सुट्टीच देईनात, मग राहिले एकावर एक."

"आणि खोक्यातली स्टिकरं?"

तिनं खाली पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला. "मालक म्हणायचे फेक. मी पयलं हैदराबादला मोठ्या दवाखान्यात हुते. तिथं ष्टिकर चिटकवल्याबिगर पेशंटला टेबलावरून खाली घेत नव्हते. हाताला सवय पडली. रजिस्टर मालक देईनात, मग त्या तारखेवर चिटकवत गेले. चुकलं का साब?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत शिकलो होतो. तिचा अर्थ त्या खोलीत कळला. ज्या पुराव्यासमोर मी टोपी काढून हात जोडले, तोच पुरावा शोधत मी लातूरपर्यंत जाऊन आलो होतो.

त्याच दुपारी न्यायालयाच्या परवानगीनं सील उघडलं. या वेळी दोन महिला पंच घेतल्या. पंचनाम्याला सुरुवात करताना मी आधी लिहिलं की पहिल्या झडतीच्या वेळी सदर कॅलेंडर पाहूनही तपासले नाही, ही माझी चूक आहे. लेखनिक म्हणाला, "साहेब, हे लिवायचं? कोर्टात वकील धरंल." मी म्हटलं, लिही. पुढं वकिलानं ते धरलंच, पण आपली चूक आपणच लिहिली असल्यानं त्याला फार काही करता आलं नाही.

कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. खाली आणखी तीन होती, चार वर्षांची चार. वरच्या पट्टीला गंजाचे डाग पडलेले. पानं उलटली तसे तारखांच्या चौकटींत छोटे छोटे पांढरे चौकोन दिसू लागले. एकूण नऊ. आषाढी एकादशीच्या चौकटीत एक स्टिकर होतं आणि त्याखाली तेलुगूत दोन शब्द. सिस्टरनं वाचून दाखवले: देगलूर टीचर.

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि नंबर वाचला. त्यांनी तो माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. मग त्यांनी सांगितलं, खरबरीत जातीचं आहे, आणि मुदत ऑपरेशनच्या आधीच संपलेली आहे. बाकीची आठ स्टिकरंही वाचून दाखवली. सगळ्यांचा लॉट एक, माप एक. उंच, बुटकी, जाड, बारीक, कुणीही येवो, कुण्या व्यापाऱ्यानं उरलेला माल गळ्यात मारला होता तो नऊ जणींच्या अंगात गेला होता. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. सोमवारी काय करायचं ते आता मला कळलं."

मूळ स्टिकर लाखेच्या सीलखाली मुद्देमालात गेलं. पण त्याआधी मी त्याचा फोटो काढला, छापून घेतला, खाली सही-शिक्का केला आणि देगलूरच्या बसनं न पाठवता स्वतः शाळेत नेऊन दिला. बाई पाचवीच्या वर्गावर होत्या. व्हरांड्यात येऊन त्यांनी कागद घेतला. हजेरी घेतल्यासारखा नंबर एकेक आकडा करून वाचला. मग कागद छातीशी धरून रडल्या. मी म्हटलं, "बाई, वर्ग मी बघतो थोडा वेळ." आत जाऊन पोरांना वाहतुकीचे नियम सांगत बसलो.

सोमवारी ऑपरेशन झालं. काढलेलं इम्प्लांट मी रीतसर ताब्यात घेतलं, त्यावरचा नंबर स्टिकरशी तंतोतंत जुळला. भोवतीचं आवरण अख्खं निघालं. तपासणीचा अहवाल यायला काही दिवस लागले आणि ते दिवस मी माझ्या बदलीच्या आदेशाचीही वाट पाहिली नसेल तितक्या अधीरपणे काढले. अहवाल स्वच्छ आला. कॅन्सर नव्हता.

बाकीच्या आठ जणींना कळवणं हे त्याहून नाजूक काम होतं. सिस्टरनं तारखेखाली लिहिलेल्या शब्दांवरून आणि तिच्या आठवणीवरून पत्ते लागले; उदगीर, निलंगा, भोकर, कुठं कुठं विखुरलेल्या. काहींनी घरातही सांगितलेलं नव्हतं. मी हुकूम दिला की एकीच्याही दारात जीप जाता कामा नये. आमच्या महिला हवालदार एसटीनं गेल्या, अंगावर साडी, हातात पिशवी, लांबच्या मावसबहिणीसारख्या. नऊच्या नऊ जणींची तपासणी झाली. सेंटर बंद झालं, मालकाला शिक्षा झाली, तो अपिलात गेला. कोर्टात सिस्टरची उलटतपासणी दोन तास चालली आणि ती एका शब्दानंही हलली नाही. जुन्या कॅलेंडरांची तिला फार काळजी होती. निकालानंतर कोर्टानं परवानगी दिली तेव्हा सिस्टर स्वतः ती बासरला घेऊन गेली.

शिक्षिकाबाईंनी वर्षभर काही केलं नाही. मग डॉक्टरीणबाईंकडून सगळं समजून घेऊन पोटाचं मांस वापरून स्तन करून घेतला. मला फोनवर म्हणाल्या, "बाळंतपणापास्नं हे पोट नुसतंच वागवून राहिले होते साहेब. शेवटी कामाला आलं." असं मनमोकळं हसणं मी क्वचितच ऐकलं आहे.

इथं केस संपली. पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते अजून राहिलं आहे.

आम्ही मूळचे किल्लारीकडचे. आमच्या घरात बाईच्या अंगाबद्दल बोलायची रीत नव्हती. माझी आई पोटातलं दुखणं लपवता लपवता गेली, नेमकं काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. खात्यातलं काम मी कधी घरी सांगत नसे. पण लातूरहून जबाब घेऊन आलो त्या दिवशी मला राहवलं नाही. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. कापसाची घडी, ते नमुने, गुळगुळीत आणि खरबरीत. तिनं आधी दार लोटलं. मग म्हणाली, "अगं बाई, तुम्ही हे शब्द बोलून राहिलात?" आणि मग भाकरी थापायची थांबून प्रश्नांवर प्रश्न विचारले. पुढं तपास संपेपर्यंत रोज विचारायची, मास्तरीणबाईंचं काय झालं.

मी निवृत्त झालो, लातूरला घर बांधलं. एके सकाळी मी पेपर वाचत होतो. बायको चहा ठेवून गेली नाही, समोर उभी राहिली.

"अहो, मास्तरीणबाईवाणी मला बी काहीतरी हाताला लागून राहिलंय. आत्ताच न्हाताना."

आत्ताच. महिन्यापूर्वी नाही, वर्षापूर्वी नाही. तिनं चहा गार व्हायच्या आत सांगितलं. अकरा वाजता आम्ही डॉक्टरीणबाईंच्या समोर होतो. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण लहान होती, वेळेत होती. स्तन काढावा लागला, किरणांची गरज पडली नाही. डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने उशीर झाला असता तर हेच बोलणं वेगळं झालं असतं. मी तिथंच, दवाखान्याच्या बाकावर, त्या तीन किरकोळ रजांबद्दल मनातल्या मनात शिक्षिकाबाईंना नमस्कार केला. त्या तिसऱ्यांदा आल्या नसत्या, माझ्या ठाण्यातून तशाच परत गेल्या असत्या, तर माझ्या घरात तो शब्द कधी उच्चारलाच गेला नसता.

पुढं काय करायचं हे ठरवायच्या दिवशी बाई देगलूरहून आपणहून आल्या. दोघी शेजारी बसल्या, समोर तेच नमुने. बायकोनं एकेक हातात घेऊन दाबून पाहिला, बाजारात भाजी पाहते तसा. पोटाचं मांस घेता येईल का, असं बाईंनी विचारलं तर ती म्हणाली, "माझ्या पोटावर काय हाय? चिमटीत बी येत न्हाई." डॉक्टरांनी तिची छाती मोजली, कातडी पाहिली. लहान, गोल, गुळगुळीत, स्नायूच्या खाली बसणारं, असं ठरलं. काहीच न बसवणं हाही एक मार्ग आहे, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

नोकरीत मी हजारो लोकांना काय करायचं ते सांगितलं. त्या दिवशी मी म्हटलं, "अंग तुझं आहे. तू ठरव. मी फक्त नंबर लिहून घेणार." बाई हसल्या. बायकोही हसली आणि लहानवर बोट ठेवलं.

लोक विचारतात, या केसनं तुम्हाला काय शिकवलं. तपासाचं म्हणाल तर एवढंच, की नमस्कार करावा आणि मग मागे काय आहे तेही पाहावं. बाकी मी शिकलो ते तीन बायकांकडून. एकीनं मला मान वर करायला लावली, एकीनं हात लावायला लावला आणि एकीनं कुणीही सांगितलेलं नसताना आपलं काम चोख केलं. त्यांचं ऋण माझ्याच्यानं फिटणार नाही.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी बायकोकडे कार्ड होतं आणि एक जादा स्टिकर. तिनं ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर, ऑपरेशनच्या तारखेच्या चौकटीत, दुधाच्या खुणेशेजारी चिकटवलं. जानेवारीत मी नवं कॅलेंडर आणलं, जुनं काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," ती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "त्याच्यावरच लावा. खिळा मजबूत हाय."

यंदा त्या खिळ्यावर चौथं कॅलेंडर चढलं आहे.